सावकाश पाठव

४ जानेवारी

लेकीने ही डायरी हातात ठेवली. म्हणाली, "बाबा, दिवसभर टीव्हीशी भांडण्यापेक्षा लिहा काहीतरी." टीव्हीशी मी भांडत नाही. आजकालचे बातम्या देणारे तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून आवाज थोडा वाढवतो, एवढंच. तर आज लिहिण्यासारखं खरंच घडलं आहे.

आमचं जुनं जहाज धक्क्याला कायमचं बांधून त्याचं संग्रहालय करतायत. तिथल्या मुख्य बाईंचा फोन आला. वायरलेस रूम पुन्हा चालू करून द्याल का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, विचार करून सांगतो. फोन ठेवला आणि विचारबिचार काही न करता लगेच फ्यूजला लावला.

फ्यूज म्हणजे जहाजावरचा आमचा रेडिओ मेकॅनिक. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. तो सेट चालू ठेवायचा, मी त्यावर ऐकायचो. मला सगळे कानसेन म्हणायचे. हे नाव मी लावून घेतलेलं नाही. एकदा वादळात, पंप आणि पंखे ठणाणा करत असताना, बाकीच्यांना ज्या स्टेशनचा भासही होत नव्हता त्याचा अख्खा संदेश मी एक अक्षर न चुकता उतरवला होता. तेव्हा कॅप्टनसाहेबांनी ठेवलं. आत्मस्तुती पुरे.

फोनवर फ्यूज नुसता बोंबलत होता. "अरे, मी समुद्रापलीकडे नाही, हळू बोल," म्हटलं. तरी बोंबललाच. पण येतो म्हणाला.

९ जानेवारी

जहाजावर जाऊन आलो. वायरलेस रूमच्या दारात डोकं आपटलं. नोकरीच्या पहिल्या दिवशीही तिथेच आपटलं होतं. फ्यूज हसला आणि मग त्यानेही आपटून घेतलं.

आत पाऊल टाकलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. तोच वास. तापलेली धूळ, वॉर्निश, रबर. तीच खुर्ची, लाटांत सरकू नये म्हणून साखळीने जमिनीला जखडलेली. टेबलावरच्या लिनोलियमला माझ्या डाव्या कोपराने पाडलेला खळगा अजून आहे. मी कोपर ठेवून पाहिलं, बरोब्बर बसलं. भिंतीवर लाल पट्ट्यांचं घड्याळही आहे. काटा लाल पट्ट्यात आला की समुद्रावरच्या प्रत्येक जहाजाने गप्प बसायचं, कोणी बुडत असेल तर त्याची हाक ऐकू यावी म्हणून. तीन मिनिटं सगळा समुद्र कान लावून बसायचा. असं गप्प बसणं पुन्हा कुठे पाहिलं नाही.

कोपऱ्यात एक पुतळा उभा होता. खलाशाचा गणवेश, रंगवलेल्या मिशा, चेहऱ्यावर बावळट हसू. "हा कोण?" मी विचारलं.

बाई जरा चाचरल्या. उद्घाटनाच्या दिवशी किनाऱ्यावरच्या आमच्या जुन्या ट्रेनिंग स्कूलमधून मोर्समध्ये संदेश येणार, तो इथे कोणीतरी उतरवून घ्यायचा आणि पाहुण्यांना वाचून दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. "जमलं तर मग दर रविवारी तुम्हीच इथे बसा काका. लोकांना दाखवा, शिकवा. नाहीच जमलं तर काय, टेप लावू आणि खुर्चीवर हे बसतील."

हे म्हणजे पुतळेराव. माझ्या खुर्चीवर!

ही गेल्यापासून रविवार मला खायला उठतो. बाकीचे वार कसेबसे ढकलतो, रविवार ढकलता ढकलत नाही. दर रविवारी त्या खुर्चीवर बसायला मिळणार असेल तर मी त्या दारात रोज डोकं आपटायला तयार आहे. हे कोणाला सांगितलं नाही. बाईंना म्हटलं, "बघू."

१२ जानेवारी

नवा कुकर भिकार निघाला. शिट्टीच देत नाही. आज डाळ करपली आणि लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुकर. जुन्या कुकरची शिट्टी गल्लीत ऐकू जायची. हल्ली सगळा मालच असा. दारावरची बेलसुद्धा धड वाजत नाही.

१९ जानेवारी

सेट चालू झाला! फ्यूजने आठवडाभर कंडेन्सर बदलले, वायरी जोडल्या, दोनदा शॉक खाल्ला आणि दोन्ही वेळा मला शिव्या दिल्या. मी सेटला हातही लावला नव्हता. सेटमधले बल्बसारखे व्हॉल्व्ह पेटले, काचेआडून ती केशरी धग दिसली आणि आम्ही दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून येड्यासारखे उभे राहिलो.

पण सेटमध्ये जीव नाही. हेडफोन लावले तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. फ्यूजने हेडफोन घेतले, म्हणाला, "मस्त शीळ येतेय की रे." मी पुन्हा लावले. कुठली शीळ?

"आत्ता?"

"छे."

"आत्ता?"

"अरे काय आत्ता आत्ता लावलंयस! सेट बघ ना नीट."

त्याने हेडफोन पुन्हा स्वतःच्या कानाला लावून पाहिले. मग म्हणाला, "बरं, व्हॉल्व्ह बदलून बघतो." बिचाऱ्याच्या हातात पूर्वीचं कसब राहिलं नाही. पण मित्राला वाईट वाटेल असं कशाला बोला?

२७ जानेवारी

व्हॉल्व्ह बदलून झाले, हेडफोन बदलून झाले, एरियल पुन्हा ताणून झाली. ढिम्म फरक नाही. जेवायला डबे उघडले तेव्हा फ्यूजने जुना विषय काढला. "तुझ्या हातचा चहा प्यायचा राहिलाय हां, कानसेन."

हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर आमच्यामागे कोणाला कळायचं नाही. मोर्समध्ये समोरच्याला पटकन सांगण्यासाठी तीन-तीन अक्षरांच्या खुणा असतात. एक खूण म्हणजे "कसं ऐकू येतंय?" त्याला एक ते पाच असा आकडा परत पाठवायचा. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे काहीच कळत नाही. दुसरी एक खूण आहे, "सावकाश पाठव." पुस्तकात ती सर्रास वापरा म्हणून दिलेली आहे. पण आमच्या खोलीत ती पाठवणं म्हणजे नाक कापून घेणं. जो ती पाठवेल त्याने सगळ्या पाळीला चहा करून पाजायचा आणि बाकीच्यांनी चमचे वाजवत त्याची आरती ओवाळायची, असा रिवाज होता. भलेभले त्या केटलीपाशी उभे राहिले. मी एकदाही नाही. अख्ख्या नोकरीत माझ्या हातचा चहा त्या खोलीत कोणी प्यायलेला नाही. आणि "कसं ऐकू येतंय?" ला पाचाखाली आकडा मी कधी पाठवला नाही. क्वचित चार येत असेल, पण पाठवला पाचच.

फ्यूजला म्हटलं, "तो चहा तुला वरती गेल्यावरच मिळेल."

२ फेब्रुवारी

आज नात शाळेतून आली ती थेट माझ्यापाशी. माझा हात धरून काहीतरी सांगत राहिली. ही पोरगी पण बारीक आवाजात भरभर बोलते. मी आपलं नेहमीसारखं "वा वा, छान!" म्हटलं, तर भोकाड पसरलं की हो! रडत आत पळाली. तिच्या आईनेही मलाच विचारलं, "काय बोललात तिला?" छान म्हटलं, आणखी काय बोलणार? हल्लीच्या मुलांचं काही कळत नाही. कौतुक केलं तरी रडतात.

७ फेब्रुवारी

अखेर उलगडा झाला. आणि मन फार खट्टू झालं.

सेटवर एक छोटी कळ आहे, आम्ही तिला शिट्टीची कळ म्हणतो. मोर्स कानात बारीक शिट्टीसारखं वाजावं की जाड घुमावं, ते त्या कळीने ठरतं. आज पाहतो तर फ्यूजने ती कळ पार खाली पिळून ठेवलेली. सेट म्हशीसारखा हंबरायला लागला होता. आणि तिथे कळीशेजारी त्याने बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपकाही लावलाय. "इथेच राहू दे," म्हणाला. "इथे सेट चांगला चालतो."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फ्यूजला ऐकू येईनासं झालंय! म्हणून फोनवर बोंबलतो. म्हणून त्याला शिट्टी जाड लागते. परवा तर म्हणत होता, "त्या कपाटातून बारीक शीळ येतेय, कंडेन्सर जाणार बहुतेक." मी कपाटाला कान लावला, काही नव्हतं. कानात शिट्ट्या वाजणं हे तर म्हातारपणाचं पक्कं लक्षण.

त्याला काही दाखवलं नाही. कळ जिथे आहे तिथे ठेवली. नवल म्हणजे तिथे मलाही सेट झकास ऐकू येतो. शेजारच्या केबिनमधून फ्यूजने मोर्स पाठवून पाहिलं, मी धडाधड उतरवलं. एकही चूक नाही. पुतळ्याकडे बघून मिशीवर ताव दिला. मला मिशी नाही, पण दिला.

१४ फेब्रुवारी

लेकीचं आणि फ्यूजचं काय गुळपीठ चाललंय कोण जाणे. तासतासभर फोन. मी खोलीत गेलो की गप्प. आज माझ्या टेबलावर कानाच्या डॉक्टरांचं कार्ड ठेवलेलं दिसलं. तेव्हा कळलं. पोरगी गुणाची आहे. फ्यूजची काळजी घेतेय, पण त्याला तोंडावर कसं सांगायचं म्हणून माझ्याकडून सांगायचं ठरवलंय.

मी जहाजावर गेलो आणि कार्ड त्याच्या हातात ठेवलं. "वाईट वाटून घेऊ नकोस गड्या. या वयात होतंच." त्याने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढला आणि असा हसत सुटला की खोकला आला. पाणी दिलं. डोळे पुसत म्हणाला, "जाऊ. आपण दोघंही जाऊ. मला एकट्याला भीती वाटते."

म्हटलं, येईन की सोबत. उद्घाटन होऊन जाऊ दे.

२१ फेब्रुवारी

उद्या उद्घाटन. ट्रेनिंग स्कूलमध्ये मोर्सचे ठोके द्यायची की चालवणारं कोणी उरलेलंच नाही, तेव्हा संदेश पाठवायला फ्यूजच जातोय. तो मेकॅनिक, पण जहाजावर बसून बसून शिकलेला. त्याचा हात मी झोपेतही ओळखेन. प्रत्येक लांब ठोका तो जरा जास्तच लांबवतो, मान्य नसलेल्या गोष्टीला "बरं" म्हणावं तसा.

निघताना दारात थांबून म्हणाला, "शिट्टीच्या कळीला कोणाला हात लावू देऊ नकोस." मी म्हटलं, "तू तिकडे असणार, इथे कळ कुठेही असली तरी तुला काय?" तो नुसता मान हलवून गेला. बिचारा.

गणवेशाची टोपी काढून ठेवली आहे. हिने शेवटचा हात फिरवून ठेवली होती, तशीच आहे.

२२ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पाहुण्यांना घ्यायला मी वर डेकवर होतो. परत आलो तर खोलीत माणसंच माणसं. पाहुण्यांना ऐकू यावं म्हणून एक मोठा स्पीकर जोडला होता आणि तो जोडणारा मुलगा सेटपाशी उभा होता. "काका, आवाज फार घोगरा येत होता. मी छान करून ठेवलाय," म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष खुर्चीकडे होतं. बसलो, कोपर खळग्यात ठेवलं, हेडफोन चढवले. लेक दारात, तिच्यापुढे नात. पुतळा कोपऱ्यात.

ठरलेली वेळ झाली. हेडफोनमध्ये काहीच नाही.

थांबलो. काही नाही. आधी वाटलं, फ्यूजला उशीर झाला. मग घड्याळाकडे पाहिलं, काटा लाल पट्ट्यात आहे का. खरंच सांगतो, हेच मनात आलं, की सगळे गप्प बसलेत. काटा लाल पट्ट्यात नव्हता.

मग मी माणसांकडे पाहिलं. सगळे ऐकत होते. बाई हसत होत्या. एक म्हातारे साहेब डोळे मिटून मान डोलावत होते. आणि माझी नात एक बोट हवेत धरून ते खालीवर करत होती. लहान, लहान, लांब. लहान, लांब. मी तिच्या बोटाकडे बघत राहिलो आणि अंगावर काटा आला. प्रत्येक जहाजाला मोर्समध्ये स्वतःची ठरलेली हाक असते, आणि ती आमच्याच जहाजाची हाक होती. ते बोट आमच्या जहाजाला हाक मारत होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ती ऐकू येत होती, सहा वर्षांच्या पोरीला ऐकू येत होती, फक्त मला नाही.

कुकर. बेल. टीव्ही. कपाटातली शीळ. नेलपॉलिशचा ठिपका. सगळं एकामागोमाग येऊन पुढ्यात बसलं. बहिरा फ्यूज नव्हता. मी त्याच्या हातात कार्ड ठेवलं होतं आणि तो म्हणाला होता, मला एकट्याला भीती वाटते.

सेट बिघडलाय, असं म्हणणं अगदी जिभेवर होतं. एवढा जुना सेट, कोणीही मानलं असतं. टेप लागली असती, टाळ्या पडल्या असत्या. माझं नाव राहिलं असतं आणि खुर्ची पुतळ्याला गेली असती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण तिकडे फ्यूज पुन्हा पुन्हा हाक मारत होता, आणि नातीचं बोट थांबत नव्हतं. जो हाक मारतोय त्याला उत्तर द्यायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी शिट्टीच्या कळीवर बोटं ठेवली आणि ती खाली पिळली, लाल ठिपक्यापर्यंत. स्पीकर हंबरायला लागला. तो मुलगा घाबरला. "काका, काका, बिघडलं!"

"बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "मला असंच ऐकू येतं." माझा आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण सगळे गप्प झाले.

आणि मग आला. फ्यूजचा हात. तोच लांबवलेला ठोका. डोळ्यांत पाणी आलं, पुसायला हात रिकामा नव्हता. हाक थांबली आणि त्याने ठरलेली खूण पाठवली, "कसं ऐकू येतंय?"

बोट कीवर गेलं आणि सवयीने पाच पाठवणार, तेवढ्यात थांबलं. गर्दीत पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, निम्मे ठोके निसटत होते. मी तीन पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यामागोमाग ती तीन अक्षरं, "सावकाश पाठव."

तो हसतोय की रडतोय, ते मोर्समध्ये कळत नाही. मग एकेक ठोका सुटा सुटा करून, बाळाला घास भरवावा तसा, त्याने संदेश पाठवला. मी एकेक अक्षर उतरवलं आणि उभं राहून वाचून दाखवलं. संदेश काय, नेहमीचा सरकारी, शुभेच्छा वगैरे. टाळ्या झाल्या. शेवटी फ्यूजने संदेशात नसलेला एक शब्द पाठवला होता, तो मी वाचला नाही. तो शब्द होता "चहा".

२३ फेब्रुवारी

फ्यूज सकाळीच चमचा घेऊन हजर. स्वतःच्या घरून आणलेला. मी ओट्यापाशी उभा राहून चहा केला आणि तो कपावर चमचा वाजवत राहिला. लेकही वाजवायला लागली. घोटभर पिऊन म्हणाला, "एवढी वर्षं वाट पाहायला लावलीस, आणि साखर विसरलास?"

मी विचारलं, "सांगितलं का नाहीस रे?"

"तुला सांगून तू ऐकणार होतास?" म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसत सुटला. मग हसू आवरून म्हणाला, "त्या खोलीत तू बसावंस असं वाटत होतं. पुतळ्याशी बोलून मला काय मिळणार होतं?"

बाईंचा फोन आला. रविवारी वेळेवर या म्हणाल्या. ठिपक्याला कोणी हात लावू नये म्हणून पाटी लावतायत. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. फ्यूज येणार आहे. त्याचे कान ठणठणीत आहेत, तरी येणार आहे.

दुपारी नात शाळेतून आली. हल्ली माझ्याकडे न येता सरळ आत जाते, ते मी पाहिलंच नव्हतं. मी तिला हाक मारली, समोर बसवलं, तिचं तोंड नीट दिसेल असं. म्हटलं, "मागे तू मला काहीतरी सांगत होतीस आणि मग रडलीस. ते पुन्हा सांगतेस? मला ऐकू आलं नव्हतं. सावकाश सांग."

तिने आधी नीट निरखून पाहिलं, मी थट्टा करतोय का म्हणून. मग एकेक शब्द सुटा करत सांगितलं. तिची मैत्रीण शाळा सोडून गेली. दुसऱ्या गावाला, कायमची. आता बाकावर शेजारी कोणी बसत नाही. "आणि तुम्ही म्हणालात, वा वा, छान."

मी तिचे दोन्ही हात धरले.

"आता ऐकू आलं?" तिने विचारलं.

"आलं."

"किती?" काल फ्यूजआजोबांनी तिला फोनवर एक ते पाच समजावून सांगितलंय.

मी म्हटलं, "चार." ती आणखी जवळ सरकली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.